खुनी कोण, ते सांगू नका

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रहस्यकादंबरी लिहिली. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिलेली. स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याने पाचशे प्रती छापल्या आणि प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकाचा परिचय करून द्यायला मला बोलावले. पन्नास-साठ माणसे जमली होती. दाराशी टेबल मांडून त्याच्या बायकोने पुस्तकांचे गठ्ठे रचून ठेवले होते.

मी पुस्तक मन लावून वाचले होते, टिपणे काढली होती. पण वीस वर्षे बी.ए.च्या वर्गाला कथानक, पात्रचित्रण आणि वातावरणनिर्मिती शिकवून जीभ एकाच वळणाची होते. ‘थोरल्या भावाच्या मनातली अपराधाची टोचणी हा या कादंबरीचा गाभा आहे,’ असे मी मोठ्या तोऱ्यात बोलून गेलो. सभागृह एकदम गप्प झाले. पहिल्या रांगेतले एक आजोबा न राहवून म्हणाले, “सर, खुनी कोण ते सांगूनच टाकलासा की वो!”

लोक हसले, मीही हसलो. विद्यार्थी मात्र हसला नाही. त्या संध्याकाळी टेबलावरचा एक गठ्ठा जेमतेम संपला. निघताना तो माझ्या पाया पडला, हे मला जास्त लागले.

रहस्यकथेचा परिचय करून देणे हे मोठे अडचणीचे काम आहे. बाकीच्या पुस्तकांत जे चांगले आहे ते सांगितले की झाले. इथे जे सर्वांत चांगले आहे तेच झाकून ठेवायचे. आमच्या लहानपणी गल्लीतल्या वाचनालयात ही अडचण वेगळ्या रूपात भेटायची. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत फिरत. एखादा दुष्ट वाचक बाराव्या पानावर, पात्राचे नाव पहिल्यांदा येते तिथेच, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवायचा : ‘हाच खुनी’. कधी ते खरे असायचे, कधी खोटे! त्या पुस्तकांना लेखकाच्या भाषणाची गरज नव्हती. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे नाव मुखपृष्ठावर असले की तेवढा परिचय पुरे. दारा बुलंद किंवा फिरोज इराणी पुस्तकात आहे एवढे कळले की शिरवळकरांचा वाचक हात पुढे करायचा. अडचण येते ती नव्या लेखकाची. त्याला कोणी ओळखत नाही आणि त्याच्या नायकालाही नाही.

जुन्या इंग्रज लेखकांनाही हे कोडे पडले होते. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ आधी साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८६० साली पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा प्रस्तावनेत त्याने समीक्षकांना विनवले होते, की स्तुती करा नाहीतर टीका करा, पण गोष्ट सांगितल्याशिवाय ते जमते का बघा. समीक्षक मंडळी तेव्हाही माझ्यासारखीच असणार!

अगाथा ख्रिस्तीची हातोटी मला सगळ्यांत आवडते. ‘कार्ड्स ऑन द टेबल’ ही तिची कादंबरी १९३६ची. तिच्या प्रास्ताविकात बाई सरळ सांगून टाकतात, की संशयित चारच आहेत आणि चौघांपैकी कोणीही खून केलेला असू शकतो. ज्याच्यावर कोणाचा संशय जाणार नाही तोच गुन्हेगार, हा नेहमीचा ठोकताळा इथे चालायचा नाही. म्हणजे बाई पत्ते उघडे करतात आणि तरी वाचक हरतो. काय सांगायचे नाही याची काळजी सगळेच घेतात. काय सांगितले तरी चालेल, हे ओळखायला मात्र धाडस लागते.

धाडस अंगाशी कसे येते, तेही सांगतो. एडगर वॉलेसने १९०५ साली ‘द फोर जस्ट मेन’ स्वतःच छापली. खून कसा झाला, हे कोडे त्याने पुस्तकात सोडवलेच नाही. अचूक उत्तर देणाऱ्यांना पाचशे पौंडांची बक्षिसे लावली आणि जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. पुस्तक खपले. पण बरोबर उत्तरे किती जणांची स्वीकारायची, याला नियमांत मर्यादाच घातलेली नव्हती. उत्तरे येत गेली आणि गडी कर्जात बुडाला. पुढे त्याने पुस्तकाचे हक्कही किरकोळ रकमेला विकून टाकले. खून कसा झाला ते मला ठाऊक आहे, पण आता मी शहाणा झालो आहे.

माझा विद्यार्थीही शहाणा झाला. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनात तो पुस्तके घेऊन बसलेला दिसला. कडोली, येळ्ळूर, उचगाव, अशा गावांतून भरणाऱ्या संमेलनांना माणसे सहकुटुंब येतात, ग्रंथदिंडीत चालतात आणि मग पुस्तकांच्या टेबलांपाशी रेंगाळतात. तो भाषण करत नव्हता. समोर कोणी थांबले की दीड पान वाचून दाखवायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पहाटे उसाचा ट्रॅक्टर उभा आहे, इंजिन चालू आहे आणि चालकाच्या जागेवर कोणी नाही. वजन मात्र पावतीपेक्षा साठ किलो जास्त भरते. एवढे वाचून तो पुस्तक मिटायचा. कारखान्यावर घालवलेली तशी पहाट समोरच्या शेतकऱ्याने स्वतः काढलेली असते. “मग? फुडं?” असे त्याने विचारले, की हा पुस्तक त्याच्या हातात द्यायचा. मी उभा होतो तेवढ्यात सात प्रती गेल्या. आठवी मी घेतली, पहिली कोणीतरी नेऊन परत केली नव्हती म्हणून.

परवा तो घरी आला. दुसरी कादंबरी तयार आहे. म्हणाला, “सर, परिचय तुम्हीच करून द्यायचा.” मला भरून आले. मागचे मनात ठेवले नाहीस ना, असे विचारले, तर नुसती मान हलवली आणि हस्तलिखित पुढ्यात ठेवले. रात्री वाचायला बसलो, दोन वाजता शेवटाशी आलो आणि पाहतो तर पुढची पानेच नाहीत.

सकाळी फोन केला. “अरे, शेवटचे प्रकरण राहिले वाटते तुझ्याकडे.”

“राहिलं नाही, सर. ठेवून घेतलंय.”

कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे. माझा संशय पोस्टमास्तरवर आहे.