काळी ज्वारी आणि आपलं दान

2025 च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. ज्वारी-बाजरीची कणसं शेतातच भिजली की दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. मग तेच पोतं ‘गायीला घाला, कामवालीला द्या’ म्हणत घराबाहेर निघतं. याला मी दान म्हणणार नाही.

ज्या बुरशीला अनंतकाय मानून आपण ताटातून काढतो, ती दुसऱ्याच्या ताटात कशी चालते? अफ्लाटॉक्सिनसारखं बुरशीचं विष धुऊन, भाजून पुरतं जात नाही. 1974 मध्ये बांसवाडा आणि पंचमहालच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरहून अधिक माणसं काविळीने दगावली. गायीने असं धान्य खाल्लं तर विषाचा अंश दुधातही उतरतो.

‘अन्न वाया जातं’ म्हणाल, तर जयणा साठवतानाच ठेवा. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत उन्हात वाळवा, मगच कोठीत भरा. तरीही बिघडलं, तर कोणाच्याही मुखी देऊ नका. ते नुकसान आपलं आहे, ते आपणच सोसायचं.