औंढ्याची 'लायगो' वेधशाळा आणि कृष्णविवराची एन्ट्रॉपी

हिंगोली म्हटलं की हळद आणि औंढा नागनाथ. आता तिसरं नाव: लायगो-इंडिया. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने औंढ्याजवळच्या या वेधशाळेसाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. 4-4 किलोमीटरचे दोन हात, त्यांत लेझर आणि काम एकच: गुरुत्वीय लहरी पकडणं.

पण पकडून करायचं काय? एक ताजं उदाहरण बघा.

एन्ट्रॉपीचा हिशोब

दुधात हळद ढवळली की ती आपोआप वेगळी होत नाही. हा विस्कळीतपणा मोजायचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही. मग गरम चहा कृष्णविवरात ओतला, तर त्याची एन्ट्रॉपी गेली कुठे?

1971 मध्ये स्टीफन हॉकिंगने मांडलं की कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटत नाही. जेकब बेकेनस्टाइन म्हणाला, हे क्षेत्रफळ हीच त्यांची एन्ट्रॉपी! हॉकिंगला आधी ते पटलं नाही. 1974 मध्ये त्यानेच क्वांटम फील्ड थिअरी वापरून दाखवलं की कृष्णविवराला तापमान असतं. म्हणजे एन्ट्रॉपीही खरीच.

पुरावा मिळाला

14 जानेवारी 2025 ला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर आली. आधी दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे 2,40,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. एक झाल्यावर सुमारे 4,00,000, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जास्त. गंमत म्हणजे सुमारे तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींत निघून गेलं, तरी क्षेत्रफळ वाढलंच.

मग औंढा कशाला?

ही लहर अमेरिकेतल्या दोनच लायगोंनी टिपली. दोन कानांवर आवाजाची नेमकी जागा कळत नाही; दूरचा तिसरा कान लागतो. तो कान आपला.

एक गैरसमज मात्र नको. पाणी उकळताना बुडबुडे येतात, तसं विश्वाच्या बालपणी अवस्थांतर झालं असेल, तर त्याच्याही लहरी असतील. पण हिग्ज फील्डच्या अवस्थांतराच्या लहरी फारच संथ. त्यांच्यासाठी युरोपची 'लिसा' अंतराळात जाणार आहे.

तत्त्वतः मंजुरी 2016 ची, पैसे 2023 चे. माझ्या मते खरी परीक्षा आता वेळेची आहे. पुढची मोठी टक्कर आपल्यासाठी थांबणार नाही.