रांग सरळ आहे, पण पुढे कोण?

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावाची बाजाराच्या इतिहासात एक नोंद आहे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार इथे सुरू झाला, तो कापसाचा. पूर्वी अनेक बाजारांत अडत्या आणि व्यापारी उपरण्याखाली बोटे धरून भाव करीत. मालाचा धनी शेजारी उभा असे, पण त्याला काही कळत नसे. उघड लिलावाने ते उपरणे बाजूला सारले.

शेअर बाजाराचे उपरणे निघायला मात्र १९९४ साल उजाडले. तोवर दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे होत. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. इथल्या माणसाने उपदलालाला सांगायचे, त्याने मुंबईला फोन लावायचा आणि कागदावर येईल तो भाव आपण मुकाट्याने मान्य करायचा. सौदा नेमका किती वाजता झाला, हे विचारण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाच्या साहाय्याने संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले. १९९५ साली मुंबई शेअर बाजारानेही तीच वाट धरली.

आज आपली ऑर्डर मोबाइलवरून आधी दलालाच्या संगणकाकडे जाते. खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे तिथे तपासले जाते. मग ती बाजाराच्या संगणकातल्या वहीत पडते. या वहीचे नियम दोनच. ज्याचा भाव चांगला, तो आधी. भाव सारखा असेल, तर जो आधी आला तो आधी. बँकेच्या काउंटरवर पितळी टोकन देऊन मी वर्षानुवर्षे हेच केले. समजा, ५० शेअर १०१ रुपयांना विकायला आहेत आणि पुढचे २०० शेअर १०१ रुपये १० पैशांना. तुम्ही ‘बाजारभावाने १०० द्या’ म्हणालात, तर ५० एका भावाने आणि ५० दुसऱ्या भावाने मिळतील. ‘१०१ च्या वर नको’ म्हणालात, तर ५० मिळतील आणि बाकीची मागणी वहीत थांबून राहील. यात लबाडी कुणाचीच नाही. पण जिथे शेअर विकणारे थोडे असतात, तिथे भावाची मर्यादा न घालणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणे आहे.

खरा प्रश्न ‘आधी’ या शब्दाचा आहे. वाशीमहून मुंबई सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशालाही तिथे पोचायला दोन मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. मोठ्या दलालांना २०१० पासून राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आवारातच भाड्याने जागा घेऊन आपले संगणक ठेवता येऊ लागले. त्यांचा वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात. पुढे निष्पन्न झाले की, भावाची माहिती या संगणकांना एकाच वेळी न जाता एकामागून एक जाई. जो आधी जोडला जाई, त्याला ती आधी मिळे. २०१९ साली सेबीने बाजाराला ६२४ कोटी ८९ लाख रुपये व्याजासह भरायला सांगितले. रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला, पण पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला लावलेच.

सोयाबीनच्या पट्टीतून उरलेल्या पैशाचे चार शेअर घेणाऱ्या आमच्याकडच्या तरुणाला या मिलिसेकंदांनी फारसा फटका बसत नाही, असे जाणकार म्हणतात. ते खरे असेल. वर्षभर शेअर सांभाळणाऱ्याला दोन-चार पैशांचा फरक जाणवतही नाही. पण कारंजाच्या बाजारात उपरणे हटवले, ते काय प्रत्येक शेतकऱ्याचे किती आणे बुडाले याचा हिशेब मांडून? भाव सगळ्यांना एकाच वेळी दिसला पाहिजे, हा तत्त्वाचा प्रश्न होता. तोच आजही आहे. पैसे मोजून रांगेच्या तोंडाशी जागा घेता येत असेल, तर ती कुणाला, काय दराने आणि कोणत्या अटींवर मिळते, हे बाजाराच्या दारावर साध्या मराठीत लावलेले असावे. बाजार समितीच्या फलकावर रोजचे भाव लिहितात ना, तसे.