कपडे वाळवायचं यंत्र घ्यावं का?

पावसाळा आला की ओल्या कपड्यांची चिंता सुरू होते. घरात तान्हं बाळ असेल तर लंगोट, दुपटी वाळता वाळत नाहीत. खोलीत दोऱ्या बांधल्या की भिंतींना ओल येते. म्हणून हल्ली हीट पंप ड्रायरची चौकशी होते.

साधा ड्रायर हीटरने हवा तापवून बाहेर सोडून देतो. हीट पंप तीच हवा आत फिरवतो. फ्रिजसारखी यंत्रणा हवेतल्या वाफेचं पाणी करते आणि उष्णता पुन्हा वापरते. त्यामुळे सात-आठ किलो कपड्यांना साधारण 4 ऐवजी 2 युनिट वीज लागते. उष्णता कमी असल्याने कपडेही कमी आटतात.

तोटेही आहेत. किंमत जास्त, वेळ दोन-तीन तास. जाळीत अडकलेला कचरा दर वेळी काढावा लागतो. जरी-टिकल्यांचे दुपट्टे त्यात घालू नयेत.

आता हिशेब पाहा. युनिट 8 रुपये धरलं, तर साध्या ड्रायरपेक्षा एका खेपेला 16 रुपये वाचतात. पावसाळ्यात 50 खेपा झाल्या तर 800 रुपये. किमतीतला फरक आठ हजार असेल तर तो फिटायला दहा वर्षं!

आपल्या रहिमतपूरला महाबळेश्वरसारखा पाऊस नाही. वर्षातले बरेच महिने ऊन फुकट मिळतं. इथे दोनदा स्पिन, पंखा आणि उघडी खिडकी बहुतेक घरांना पुरते. घरात बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर मात्र हा खर्च वाया जाणार नाही.