ई-रुपयाला ‘हो’ म्हणण्याआधी : इंदूरकरांना आवाहन



राजवाड्यासमोर, सराफ्यात, शीतलामाता बाजारात आज नोट पुढे केली की कितीतरी दुकानदार क्यूआरच्या पाटीकडे बोट दाखवतात. सुट्टे नाहीत, म्हणतात. आपणही मुकाट्याने फोन काढतो. ही सवय अजून पुरती मुरलेली नाही, म्हणून हे आवाहन आत्ताच करतो आहे. वर्षा-दोन वर्षांनी फार उशीर झालेला असेल.

रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी सर्वसामान्यांसाठी ई-रुपयाची चाचणी सुरू केली. आधी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर. पुढच्या टप्प्यातल्या शहरांत आपलं इंदूर. ई-रुपया ही बँकेतली ठेव नव्हे. ती रिझर्व्ह बँकेचीच नोट आहे, फक्त फोनमधल्या पाकिटात ठेवलेली, आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. मार्च 2025 अखेर असा सुमारे 1,016 कोटींचा ई-रुपया चलनात होता. कागदी नोटांपुढे ही रक्कम नगण्य आहे आणि नियम ठरवून घेण्याची संधी नेमकी त्यामुळेच शिल्लक आहे.

मी ई-रुपयाच्या विरोधात नाही. पण रोख दिलेल्या नोटेवर आपलं नाव नसतं. औषधाच्या दुकानात काय घेतलं, कोणत्या वकिलाकडे गेलो, कुणाला गुपचूप मदत केली, हे ती कुणाला सांगत नाही. फोनमधला पैसा ते सांगू शकतो. कुणाला सांगायचं आणि किती, हे कोण ठरवणार?

2025 च्या जुलैत कर्नाटकात काय झालं ते पाहा. वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदी काढून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, थेट 2021-22 पासूनच्या उलाढालीबद्दल. बंगळुरूत चहावाल्यांनी, भाजीवाल्यांनी ‘यूपीआय नको, फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. लागू असलेला कर भरलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण आपला प्रत्येक स्कॅन वर्षानुवर्षं कुठेतरी साठून राहतो, हे त्या माणसांना नोटीस हातात पडल्यावर कळलं. आपल्याला ते आधी कळायला हवं.

आणि पाहणारं फक्त सरकार नाही. देशातल्या यूपीआय व्यवहारांपैकी सुमारे 80 टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपमधून होतात. एकाची मालकी मुख्यतः वॉलमार्टकडे, दुसरं गुगलचं. एका कंपनीकडे 30 टक्क्यांहून जास्त वाटा नको, असा नियम 2020 मध्येच जाहीर झाला. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत 2026 च्या अखेरीपर्यंत नेली गेली. आपण सकाळी पोहे कुठे खातो आणि रात्री सराफ्यात किती खर्च करतो, याची नोंद मोजक्या कंपन्यांच्या हाती जाते, आणि ती त्यांना देण्याबद्दल आपल्याला कुणी नीट विचारलेलंही नसतं.

घरातल्या बायकांचा विचार तर या चर्चेत कुणी करतच नाही. डाळ-तांदळाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत जपलेले पैसे ही कित्येक घरांत बाईची एकमेव स्वतःची पुंजी असते. 2016 च्या नोटाबंदीत ते डबे नाइलाजाने उघडावे लागले. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये असलेलं पाकीट हे तिचं पाकीट नव्हे. मार खाणाऱ्या बाईला माहेरी जायचं तिकीट काढायला बिननावाची नोट लागते. रोकड गेली तर पहिला घाव तिच्यावर बसेल.

राजवाड्यासमोर ज्यांचा पुतळा आहे, त्या अहिल्याबाई होळकरांनी या शहराला याबाबतीत आदर्श घालून दिला आहे. जॉन माल्कमने 1823 च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे : इंदूरचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला आणि तुकोजी होळकरांनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवेने महेश्वरला अहिल्याबाईंकडे दाद मागितली. अहिल्याबाईंनी तिला साऱ्या मिळकतीची मालकीण म्हणून मान्यता दिली आणि सेनापती तुकोजींना इंदूरपासून दूर तळ हलवायला सांगितलं. राज्य त्यांचं होतं, तरी प्रजेच्या घरातली तिजोरी त्यांनी आपली मानली नाही.

आज तेवढीच हमी कायद्यात हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2022 च्या टिपणात लहान व्यवहार निनावी ठेवण्याचं तत्त्व आहे. पण लहान म्हणजे किती, नोंद कधी पुसली जाणार, हे कायद्यात कुठेच नाही. 2022 च्या वित्त कायद्याने डिजिटल नोटेला फक्त नोटेचा दर्जा दिला. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवतो. गव्हर्नर असताना शक्तिकांत दास यांनीच 2024 मध्ये सांगितलं होतं की निनावीपणा कायद्याने किंवा नोंदी कायमच्या पुसून साधता येईल. मग तो साधा, आणि कायद्यानेच साधा. ठरावीक कामासाठीच खर्च होणारा ई-रुपयाही आता येतो आहे. पीककर्जासाठी तो उपयोगी पडेल. पण मजुराच्या कमाईवर अशी अट कधी बसू नये, हेही कायद्यातच लिहिलेलं हवं.

दुकानदारांनो, गल्ल्यात सुट्टे ठेवा आणि ‘रोख चालणार नाही’ म्हणू नका. शाळा, दवाखाने, सोसायट्यांनो, फी आणि देखभाल खर्चासाठी रोखीची खिडकी बंद करू नका. नॉर्वेसारख्या, रोकड जवळजवळ विसरलेल्या देशानेही ऑक्टोबर 2024 पासून दुकानांना रोख घेणं कायद्याने भाग पाडलं आहे. गिऱ्हाइकांनो, भाजी, दूध, चहा, रिक्षा रोखीने द्या. वापराविना कुठलीच खिडकी उघडी राहत नाही. भिशीच्या बायकांनो, भजनी मंडळांनो, गणेश मंडळांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

ई-रुपयाचं पाकीट उघडायला सांगणाऱ्या बँकेला लेखी विचारा : माझा व्यवहार कोणाला दिसतो? किती काळ साठवता? फोन हरवला तर काय? आणि उत्तर लेखीच मागा. याच आठवड्यात आपल्या खासदाराला आणि रिझर्व्ह बँकेला पत्र लिहा : लहान व्यवहारांचा निनावीपणा आकड्यासह कायद्यात घाला आणि रोख देण्या-घेण्याचा हक्क अबाधित ठेवा.