नदीकाठचे दुकान



गेल्या श्रावणात आमच्या धर्मग्रामातील एका मातेने मला एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. "फादर, माझा मुलगा पट्टीचा पोहणारा होता. विहिरीचा तळ गाठून मूठभर माती वर आणायचा. मग त्या बंधाऱ्याच्या एवढ्याशा पाण्यात त्याला काय झाले?" तो एकटाच गेला नव्हता. त्याला वाचवावयास उडी घेतलेला त्याचा चुलतभाऊही गेला. एकाच घरातून एकाच दिवशी दोन शवपेट्या निघाल्या. मी सांत्वनाचे चार शब्द बोललो खरे. परंतु त्या माउलीला सांत्वन नको होते, तिला उत्तर हवे होते. ते शोधीत मी पुस्तके चाळू लागलो आणि अखेर पोहोचलो तो अमेरिकेतील होड्यांच्या एका दुकानापाशी. आज तुम्हांला तेथेच घेऊन जाण्याचा विचार आहे.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्याच्या पश्चिम टोकास, डोंगरांच्या कुशीत नॅन्टाहाला नावाची नदी वाहते. चेरोकी या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'माध्यान्हीच्या सूर्याची भूमी' असा सांगतात. घळ एवढी अरुंद व खोल, की दुपारखेरीज सूर्य तळाशी पोहोचत नाही. १९४२ साली या नदीवर विजेसाठी धरण पूर्ण झाले. वीजगृहातून पाणी सुटले म्हणजे खालचा प्रवाह खळाळू लागतो, आणि ते पाणी भर उन्हाळ्यातही हातपाय बधिर करण्याइतके गार असते.

या नदीच्या काठी १९७२ साली पेसन केनेडी, त्यांच्या पत्नी ऑरेलिया व मित्र होरेस होल्डन यांनी 'नॅन्टाहाला आउटडोअर सेंटर' सुरू केले. केनेडी हे ॲटलांटा शहरातील जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीस होते. ती नोकरी सोडून हे कुटुंब रानात आले. रस्त्यालगतचे एक लहानसे प्रवासी निवास, शेजारी पेट्रोलपंप आणि खानावळ, एवढ्यावर संसार मांडला. प्रवाशांना होडीतून नदी दाखवावी, होडी वल्हवावयास शिकवावे आणि लागणारे सामान विकावे, असा हा व्यवसाय. पुढे तो एवढा वाढला की २०१३ साली कयाकवरील कसरतींची जागतिक स्पर्धा याच नदीवर भरली.

कयाक म्हणजे एकट्याने बसावयाची, वरून झाकलेली निमुळती होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी ती निर्माण केली. लाकडाचा वा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे, आणि आत कमरेपर्यंत घट्ट बसलेला शिकारी. हिमासारख्या पाण्यात होडी उलटली तर बाहेर पडणे म्हणजे मरणच. म्हणून आत बसल्या बसल्याच वल्ह्याचा व कमरेचा झटका देऊन पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी साधली. १९२७ साली ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा यांनी ती आत्मसात केली, आणि युरोपीय होडीवाल्यांपैकी ती साधणारे ते पहिले असे मानतात. आज खळाळत्या नद्यांवर होडी चालविणारा प्रत्येक नवशिका प्रथम शांत पाण्यात मुद्दाम उलटावयास शिकतो. पडणार नाही अशी प्रतिज्ञा तेथे कोणी करीत नाही. पडणार हे गृहीत धरूनच शिक्षण सुरू होते.

अशा दुकानांतील जीवन मोठे मौजेचे असते. फळ्यांवर रंगीबेरंगी होड्या रचलेल्या, दोऱ्यांवर ओले कपडे वाळत घातलेले, कोपऱ्यात शिरस्त्राणांची रास. सकाळी येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: आज पाणी केव्हा सुटणार? आणि किती? त्यावरून कोणी कोणती नदी धरावी हे ठरते. नद्यांच्या ओघांना सहा प्रती लावलेल्या आहेत. पहिली म्हणजे सौम्य लहरी, सहावी म्हणजे जिवाशी खेळ. डॉक्टर, सुतार, विद्यार्थी सारे एकाच बाकावर बसून कालच्या फजितीच्या कथा सांगतात. रविवारी मिस्सेनंतर आपल्या चर्चच्या अंगणात जसा घोळका जमतो आणि पावसापासून सोयरिकीपर्यंत सर्व गोष्टी निघतात, तसेच हे. अंतर एवढेच, की तेथील गप्पांतूनच शिक्षण घडते. कोण कोठे उलटला, का उलटला, कोणी कसे काढले, हे ज्याने आज ऐकले तो उद्या त्याच खडकापाशी सावध असतो.

सहलीचीही एक शिस्त आहे. एकट्याने नदीत उतरावयाचे नाही. जाणता पुढे, दुसरा जाणता सर्वांच्या मागे, नवशिके मधे. मोठ्या खडकामागे पाणी निवांत असते. तेथे एकेकाने थांबावयाचे, मागच्याकडे पाहावयाचे, तो आला म्हणजे पुढे निघावयाचे. नॅन्टाहालाची नेहमीची फेरी सुमारे १३ किलोमीटरांची, आणि तिच्या शेवटी एक मोठा ओघ आहे. होडीतून फेकला गेलेला मनुष्य तेथे गटांगळ्या खातो, काठावरून पिशवीतील दोर सुटतो, तो धरतो आणि बाहेर येतो. कोणी त्याला हिणवीत नाही. आज दोर टाकणारा काल स्वतः दोर धरून बाहेर आलेला असतो.

१९५४ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन व्हाइटवॉटर' या संस्थेने होडीवाल्यांच्या अपघातांचे अहवाल जमविले आहेत. दुःख लपविण्याऐवजी त्यांनी ते दुसऱ्याच्या उपयोगी लावले. त्यातून निघालेले नियम आज अशा दुकानांत नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितले जातात, आणि तेच मला आपल्या घराघरांत पोहोचवावयाचे आहेत.

पहिला नियम असा, की वेगाच्या पाण्यात उभे राहण्याची धडपड करू नये. पाऊल दगडांच्या फटीत अडकते, मागून पाणी पाठीवर रेटते, आणि कमरेएवढ्या पाण्यातही मनुष्य बुडतो. उताणे व्हावे, पाय वर व प्रवाहाच्या दिशेने धरावेत आणि हातांनी तिरके काठाकडे सरकावे.

दुसरा नियम बंधाऱ्याविषयी आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाते, आणि पायथ्याचे पृष्ठभागावरील पाणी उलट भिंतीकडे वाहू लागते. त्यात सापडलेला मनुष्य पुनःपुन्हा भिंतीकडे ओढला जातो. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते अंगाला पुरेसे तरंगवीत नाही. नैसर्गिक धबधब्याला कोठेतरी फट असते. बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सारखा असल्याने सुटकेस वाट राहत नाही. म्हणूनच निष्णात होडीवालेही बंधारा दिसला की काठावर उतरतात, होडी खांद्यावर घेतात आणि वळसा घालून पुढे जातात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

तिसरा नियम वाचविणाऱ्यासाठी. आधी हाक मारावी. मग काठी, फांदी, लुगडे, जे हाती लागेल ते पुढे करावे. ते पुरेनासे झाले तर दोर फेकावा. तोही न पुरला तर होडी न्यावी. स्वतः उडी घेणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही शिकलेल्यानेच करावा.

आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कोलाड येथे कुंडलिका नदीवर अशाच सहली निघतात. तेथेही वरच्या वीजगृहाचे पाणी सुटते तेव्हाच होड्या चालतात. यावरून धरणाखाली राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आभाळ निरभ्र असले तरी नदी घटकेत वाढू शकते.

त्या माउलीला आता मी उत्तर देऊ शकतो. बाई, तुमच्या मुलात काही उणे नव्हते. विहिरीचे पाणी स्थिर असते. ते त्याने जिंकले होते. वाहत्या पाण्याची विद्या निराळी, आणि ती त्याला कोणी शिकविलीच नव्हती. आम्ही मोठ्यांनी, आणि त्यात मीही आलो. त्याच्या चुलतभावाचे प्रेम तर थोर होते; त्याच्या हाती फक्त एक दोर असावयास हवा होता.

तेवढे तरी आपण करू या. येत्या मृगापूर्वी गावच्या प्रत्येक बंधाऱ्याजवळच्या झाडाला पंधरावीस मीटरांचा मजबूत दोर आणि तोंड घट्ट बंद केलेला एक रिकामा डबा बांधून ठेवावा. तो कोणी गुरांसाठी सोडून नेऊ नये. आणि संध्याकाळी मुले जेवावयास बसली म्हणजे हे तीन नियम त्यांच्याकडून वदवून घ्यावेत. आमच्या गावचा दोर मी त्या माउलीच्याच हस्ते बांधवून घेणार आहे. तसे तिने स्वतःच सुचविले.