किल्ली एक, धनी दहा

आमच्या एका स्नेह्यांची सांगलीच्या हळदपेठेंत अडत आहे. गेल्या महिन्यांत सहज त्यांच्या कचेरींत डोकावलों, तों तेथें सुतकी शांतता! एका शेतकऱ्याच्या पट्टींत हळदीचा भाव कोणीं तरी बदलला होता. त्याला पैसे कमी गेले होते, आणि संशय होता तो तेथील सर्वांत जुन्या कारकुनावर.

तेथील दहा संगणक एका सर्व्हरला, म्हणजे सर्वांच्या फाईली जेथें राहतात अशा मध्यवर्ती संगणकाला, जोडलेले आहेत. "बदल कोणाच्या नांवानें झाला?" असें आम्हीं विचारलें. उत्तर आलें, "'ऑफिस' ह्या नांवानें." दहाहि जण त्याच नांवानें, त्याच परवलीच्या शब्दानें आंत शिरत! मग यंत्रानें बोट दाखवावें कोणाकडे? अपराधी सुखरूप राहिला आणि निरपराध्याला मात्र आपली बाजू मांडण्यास पुरावाच उरला नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत माजघर सर्वांचें असतें, पण कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असते. त्यांत अविश्वास नसतो, जबाबदारी असते. युनिक्स ह्या १९६९ सालीं जन्मलेल्या प्रणालींतहि हीच रीत रूढ झाली. फाईलीचा धनी, त्याचा गट आणि इतर, असे तीन वर्ग. आणि वाचण्याची व लिहिण्याची मोकळीक प्रत्येकास निराळी.

तेव्हां प्रत्येकास स्वतंत्र नांव व स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. भावाची फाईल सर्वांनीं वाचावी, लिहावी मात्र हिशेबनिसांच्या गटानें. सर्वाधिकाराचें खातें रोजच्या कामास वापरूं नये. कोणी नोकरी सोडली, तर त्याचें खातें त्याच दिवशीं बंद करावें. आणि फेरफारांची नोंद ठेवण्याची सोय सर्व्हरवर मुद्दाम चालू करून घ्यावी. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लहान पेढीला तो लागू नसेल. पण त्यांतील शहाणपणास कोणती मनाई आहे?

शेतकऱ्याचे पैसे मालकांनीं चुकते केले. भाव कोणीं बदलला, हें अखेर कळलेंच नाहीं. नवीं खातीं उघडलीं, त्या दिवशीं ते वृद्ध कारकून एवढेंच म्हणाले, "मालक, आतां चूक झाली तर ती माझ्या नांवावर दिसेल; आणि झाली नाहीं, तर तेंहि दिसेल."